फ्रानेकाकांची सपात

मजार शहराजवळची छावणी, अफगाणिस्तान
१२ ऑक्टोबर २००९

प्रिय टोंका मावशी,

पोचलो. आईनं तुला सांगितलं असेलच, पण फोनवर ऐकलेलं तुझ्या लेखी खरं नसतं. म्हणून शाईनं लिहून देतो: पोचलो, अख्खा आहे, दोन वेळा जेवतो आहे.

आता वाईट बातमी. आमच्या तंबूला दोन्ही टोकांना दारं आहेत आणि दोन्ही दिवसभर उघडी असतात. वारा इकडून शिरतो, माझ्या मानेवरून जातो आणि तिकडून बाहेर पडतो. तू इथं असतीस तर पहिल्याच दिवशी सगळ्या तुकडीच्या गळ्यात मफलर बांधले असतेस. मान अजून आखडलेली नाही. हे वाचून तुला थोडं वाईट वाटेल, याची कल्पना आहे.

माझ्या कामाचं नाव भारी आहे, ‘वैद्यकीय मार्गदर्शक’. काम एवढंच, की हात मागे बांधून उभं राहायचं. थट्टा करत नाही, तसा नियमच आहे. इथल्या सैन्याचे वैद्यकीय जवान जखमींवर उपचार करणार, आपण मागे उभं राहून बघायचं. त्यांनी विचारलं तर सांगायचं, चुकले तर थांबवायचं, पण हात घालायचा नाही. पहिल्या आठवड्यात माझे हात दर दहा मिनिटांनी आपोआप पुढं यायचे. मग मी डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरून ठेवायला लागलो.

माझ्या वाट्याला खुदादाद आलाय. एकतीस वर्षांचा हवालदार, तीन मुलांचा बाप. याचा हात इतका स्वच्छ, की तुलासुद्धा खोट काढता यायची नाही. (तू काढशीलच.) त्याला सगळं येतं. अडचण एकच आहे. काहीही करायच्या आधी तो वळून माझ्याकडे बघतो. सुई टोचायची असो की नुसती पट्टी कापायची असो, मी मान हलवली की मगच त्याचा हात चालतो. इथं मला सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. तुझ्या स्वयंपाकघरात मला ‘गाढवा’शिवाय काही ऐकायला मिळालं नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

एप्रिलमध्ये आम्ही परत निघू. त्यानंतर या छावणीतल्या सहाशे जवानांमागे खुदादाद एकटा. तेव्हा तो वळून कुणाकडे बघणार, हाच एक किडा माझ्या डोक्यात वळवळतो आहे. तू चाळीस वर्षं नर्सगिरी केलीस. काहीतरी सुचव.

तुझा
वेद्रान

•

कोशुते
२८ ऑक्टोबर २००९

वेद्रान,

दोन्ही दारं उघडी! तुझ्या कमांडरचं नाव आणि गाव कळव, मी त्याच्या आईला पत्र टाकते. असल्या वाऱ्यात माणूस झोपला की आधी मान जाते, मग कान, मग अक्कल. तुझं पत्र वाचून वाटतं, सुरुवात अकलेपासून झाली आहे.

हात मागे बांधून उभं राहायला सैन्यानं तुला विमानात घालून नेलं होय? ही कसली नवी पद्धत? ९१ च्या युद्धात शाळेच्या तळघरातल्या दवाखान्यात मी हात मागे बांधून उभी राहिले असते, तर आज आपल्या गावात निम्मी माणसं कमी असती. ज्याला काम येतं त्यानं ते करावं, बाकीच्यांनी कंदील धरावा. मी असंच शिकले आणि असंच शिकवलं.

इकडे सगळं ठीक. कोबी खारवायला घातला. पिंप यंदा तळघरात नेलं नाही, जिन्याखालीच राहू दिलंय, जायला-यायला बरं पडतं.

शेजारच्या युरेचं एक विचारायचं होतं. पाय दुखतात म्हणून तो गरम पाण्यात मीठ टाकून पाय घालून बसला. पाणी जरा जास्तच कढत होतं, पण मेल्याला कळलंच नाही. अंगठ्याला हा एवढा फोड आला. फोड फुटून तीन आठवडे झाले तरी जखम मिटत नाही. त्याला शुगर आहे, थोडीच. मी मध लावून बांधते. तुमच्याकडे हल्ली काय लावतात?

तुला लोकरीचे मोजे पाठवले आहेत. खुदादादच्या पायाचं माप कळव, त्यालाही विणते. कागदावर पाय ठेवायला सांग आणि भोवती पेन्सिल फिरव. उभं राहून माप घे, बसून नको. बसलं की पाय लहान येतो.

मावशी

•

छावणी
१७ नोव्हेंबर २००९

प्रिय मावशी,

मोजे घातले. आमच्या तंबूत दोघांनी ते विकत मागितले आणि एकानं चोरायचा प्रयत्न केला. यापेक्षा मोठी पावती सैन्यात मिळत नाही.

युरेला सांग, मध पोळीवर लाव. गरम पाणी बंद. शुगरवाल्याच्या पायातली जाणीव जाते, म्हणून तर त्याला चटका कळला नाही. त्यानं आजच्या आज सिन्यच्या दवाखान्यात जावं. हे तुला मी सांगावं का? तूच हे शेकडो लोकांना सांगितलंयस. कान धरून ने त्याला. नाहीच ऐकलं तर त्याची ब्रँडीची बाटली घेऊन पुढं चाल, तो आपोआप मागून येईल.

मावशी, परवा माझ्या हातून एक चूक झाली. रस्त्यावर ट्रक उलटला आणि एका जवानाची मांडी फाटली. रक्त कारंज्यासारखं उडत होतं. खुदादाद माझ्या आधी पोचला. रक्त थांबवायचा पट्टा त्याच्या हातात होता. आणि तो वळला, माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवायला हवी होती, बस. पण मी त्याच्या हातातून पट्टा हिसकावला आणि स्वतः बांधला.

जवान वाचला. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. खुदादाद मात्र दवाखान्यामागे एकटाच बसून राहिला, त्यानं चहासुद्धा घेतला नाही. मी जवळ जाऊन बसलो. तो म्हणाला, “उस्ताद, तुम्ही आहात तोवर मी नाहीच.” त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्याच्या पायाचं माप सोबत आहे. उभं राहूनच घेतलंय. कशासाठी ते सांगितलं तेव्हा आधी त्याचा विश्वासच बसेना. कधी न पाहिलेली बाई आपल्या पायाचा विचार करते, म्हणून तो दिवसभर तुझी चौकशी करत होता.

तुझा
वेद्रान

•

कोशुते
८ डिसेंबर २००९

वेद्रान, बाळा,

तू केलंस ते बरोबर केलंस. जवान जिवंत आहे, तेवढं पुरे. हे वाक्य मी चार दिवसांपूर्वी लिहिलं, आणि त्यापुढं लेखणी चालेना.

मला नीना आठवली. तळघरात माझ्या हाताखाली होती, एकवीस वर्षांची. नखाएवढी चूक झाली की मी तिच्या हातातला चिमटा काढून घ्यायचे. वेळच तसा होता. युद्ध संपलं आणि तिनं नर्सिंग सोडलं, आता त्रिल्यला पडदे शिवते. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, की तिला या कामाची आवडच नव्हती. तुझा खुदादाद दवाखान्यामागे बसला, हे वाचलं आणि चुलीपुढं बसून मी रडले. म्हातारपणाची लक्षणं, दुसरं काय. तू हात मागेच बांध. घट्ट बांध.

युरे दवाखान्यात जात नाही म्हणतो. सध्या नवीन नर्स घरोघर फिरते, मिरेला नावाची. नखं लाल, वय शेंबूड पुसण्याचं. दारात आली तशी मी तिला परत पाठवली. अंगठा जरासा काळसर झालाय, बाकी काही नाही.

संत निकोलाच्या दिवशी तुझी बहीण यागोदा मुलांना घेऊन आली होती. मी खारवलेल्या कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून अरंबाशी केले होते, तिच्या पोरांनी एकही शिल्लक ठेवला नाही. तिनं काढलेला फोटो पाठवते. चुलीजवळ बसले आहे ती म्हातारी मी, ओळखलं नाहीस तर म्हणून सांगते. खुदादादचे मोजे विणून झाले, तेही सोबत.

मावशी

•

छावणी
२० डिसेंबर २००९

मावशी,

हे पत्र टपालानं येणार नाही. मी ते संगणकावरून सिन्यच्या दवाखान्यात पाठवतो आहे. मिरेला ते छापून तुझ्या दाराखालून आत सरकवेल, कारण दार तू तिला उघडत नाहीस. आणि काल मी फोन केला तेव्हा ‘खरखर ऐकू येते’ म्हणून तू फोन ठेवून दिलास. खरखर नव्हती, मावशी.

तुझा फोटो परवा आला. मी तो दवाखान्याच्या भिंतीवर लावला आणि सगळ्यांना कौतुकानं दाखवला. ही माझी मावशी, हिनंच मला सहाव्या वर्षी बाहुलीच्या पायाला पट्टी बांधायला शिकवलं. खुदादाद नवे मोजे घालून फोटोपुढं उभा राहिला. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “उस्ताद, खालानं एका पायात पुरुषाची सपात का घातली आहे?” (मावशीला इथं खाला म्हणतात.)

मी हसलो. म्हटलं, आमच्याकडे घरात सगळे सपाता घालतात, त्या तिच्या नवऱ्याच्या आहेत. फ्रानेकाका जाऊन सहा वर्षं झाली, त्यांची आठवण म्हणून घालत असेल.

तो म्हणाला, “आठवण म्हणून घातल्या असत्या तर दोन्ही घातल्या असत्या.”

मग मी नीट बघितलं. डाव्या पायात तुझी लाल सपात आणि उजव्यात काकांची, ती ढगळ तपकिरी. आतमध्ये पट्टीचा गठ्ठा असणार, म्हणूनच तो पाय तुझ्या सपातेत मावत नाही. वीस वर्षं मी माणसांना बघण्याचा पगार घेतो, आणि तुझा फोटो दोन दिवस भिंतीवर लावून तुझे गाल बघत बसलो. मी आईला फोन केला. ती म्हणाली, युरे दोन वर्षांपासून जर्मनीत मुलाकडे राहतो.

मला तुझा इतका राग आला आहे की काय लिहावं कळत नाही. आणि भीती वाटते आहे. माझ्या आयुष्यात तू नाहीस, असा दिवस मी कधी कल्पनेतही आणलेला नाही, आणि तू मधाची बरणी घेऊन बसली आहेस.

मी तुला आणखी बरंच सुनावणार होतो. पण खुदादादनं मला थांबवलं. म्हणाला, “तुम्ही तिचे भाचे आहात, तुमचं ती ऐकणार नाही. मी सांगतो, तुम्ही लिहा.” हे म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढचं पान त्याचं आहे. दुभाष्या शेजारी बसून मला एकेक वाक्य सांगतो आहे. मी फक्त लिहितो आहे.

वेद्रान

•

आदरणीय खाला,

सलाम. तुमचे मोजे माझ्या पायात आहेत. तुम्ही माझ्या पायाचं माप मागितलं होतं, म्हणून फोटोत मी आधी तुमच्या पायांकडे पाहिलं.

माझ्या आईला साखरेचा आजार होता. तिनंही तंदूरजवळ पाय शेकला आणि चटका तिला कळला नाही. तीसुद्धा वडिलांचा जोडा घालून हिंडायची आणि विचारलं की म्हणायची, माझा ओला आहे. आम्ही मुलांनी विश्वास ठेवला. घोट्यापर्यंत काळं झालं तेव्हा आम्ही तिला खाटेवर घालून शहरात नेलं. पाय कापला आणि नवव्या दिवशी ती गेली. तेव्हा मी शेती करत होतो. मग या कामाला लागलो.

आता मी सांगतो ते करा. उठून दार उघडा. दार उघडण्यापुरतं चाला, पुढं चालू नका. मिरेला गाडी घेऊन आली आहे. पायाला काही लावू नका, शेकू नका. तिला पट्टी सोडू द्या, तुम्ही मध्ये हात घालू नका. ती सांगेल त्या हॉस्पिटलात आजच जा. उद्या नाही.

तुम्ही चाळीस वर्षं नर्स होता, म्हणून तुम्हाला लाज वाटते, हे मला कळतं. लाज पायाबरोबर कापता येत नाही, खाला. ती नंतर राहतेच. पाय ठेवा.

उस्ताद लिहून घेत आहेत. त्यांना मी बजावलं आहे की स्वतःचा एकही शब्द घालायचा नाही.

तुमचा
खुदादाद

•

स्प्लिट, हॉस्पिटल
१४ जानेवारी २०१०

खुदादाद, बाळा,

हे वेद्रान तुला वाचून दाखवेल. वेद्रान, शब्दाला शब्द वाच आणि घसा खाकरून वेळ काढू नकोस.

अंगठा आणि शेजारचं बोट, दोन गेली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक आठवडा गेला असता तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं.

दाराखालून कागद आत आले तेव्हा मी आधी वेद्रानचं पान वाचलं आणि चिडले. चुलीत टाकणार होते. मग तुझं वाचलं. त्यात ‘जमलं तर’ नव्हतं, ‘कृपा करून’ नव्हतं, ‘तुम्हाला काय वाटतं’ नव्हतं. मी जन्मभर लोकांना असंच सांगत आले. मला मात्र असं कुणी सांगितलं नव्हतं. सगळे आधी माझ्या तोंडाकडे बघायचे, की ही आता चिडते की काय. तू बघितलं नाहीस. मी उठून दार उघडलं.

खरं सांगते. पाणी किती कढत आहे हे दुसऱ्याच्या बाबतीत मी कोपर बुडवून बघायचे. स्वतःच्या बाबतीत बघितलं नाही. पट्ट्या बांधण्यात सारी हयात घालवलेल्या बाईनं स्वतःचा पाय उकडून घेतला, हे या गावात कुणाला कसं सांगू? म्हणून बिचाऱ्या युरेला पुढं केला. तो जर्मनीत ठणठणीत आहे.

मिरेला दर दोन दिवसांनी गावाहून इथं येते, कुणी सांगितलेलं नसताना. आता नखं कापून येते. परवा इथल्या नर्सनं तिला पट्टी बदलू दिली. चुकली. भलत्याच बाजूनं गुंडाळायला लागली. माझे दोन्ही हात पांघरुणाखाली होते. एका हातानं मी दुसरा धरून ठेवला. जीभ चावली. तिचं तिलाच कळलं, तिनं सगळी सोडली आणि पुन्हा नीट बांधली. मग माझ्याकडे बघून हसली. मी म्हटलं, “माझ्याकडे काय बघतेस, पायाकडे बघ.”

तुझ्या आईबद्दल वाचलं. तिच्यासाठी मी इथल्या चॅपलमध्ये मेणबत्ती लावली. तुमच्यात चालत नसेल तर चालवून घे.

तुझी
टोंका खाला

•

छावणी
२ एप्रिल २०१०

प्रिय मावशी,

पंधरा तारखेला निघतो. त्याआधी हे तुला सांगायलाच हवं.

गेल्या सोमवारी रस्त्यातल्या सुरुंगानं आमच्या पुढची गाडी उडवली. जखमी दोघे. एक जिवाच्या आकांतानं ओरडत होता, दुसरा गप्प पडला होता. मला वाटलं, खुदादाद आता ओरडणाऱ्याकडे धावेल. तो ओरडणाऱ्याच्या शेजारून पुढं गेला आणि गप्प पडलेल्यापाशी गुडघ्यावर बसला. तुला कळेल तो किती बरोबर होता ते.

मी चार पावलांवर उभा होतो. हात मागे बांधले. बोटांत बोटं इतकी घट्ट अडकवली होती की संध्याकाळी पेन धरवेना. त्यानं श्वासाची नळी घातली, छातीवरची जखम झाकली, हाताखालच्या जवानाला दुसऱ्याकडे पाठवलं, आणि मग स्वतः तिकडे गेला. अर्धा तास, मावशी. एकदाही वळला नाही. मी मान हलवायला तयार उभा होतो, पण माझी मान कुणाला नकोच होती.

दोघेही वाचले. नंतर त्यानं मला चहा ओतून दिला आणि विचारलं, “उस्ताद, तुम्ही कुठं होतात?”

“तुझ्या मागेच,” मी म्हटलं.

“खरंच?” तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. त्याला खरंच माहीत नव्हतं.

सहा महिने याच दिवसासाठी मी इथं धूळ खात होतो. मला रडू येईल इतका आनंद झाला. आणि त्याच वेळी इतकं एकटं वाटलं, की चहा हातात तसाच थंड झाला. मिरेलानं ती पट्टी स्वतःच नीट केली, तेव्हा तुलाही असंच वाटलं होतं का?

तुझा
वेद्रान

•

कोशुते
१३ एप्रिल २०१०

बाळा,

हे पत्र आता तिकडे पाठवण्यात अर्थ नाही. तुझ्या आईकडे देऊन ठेवते, ती तुला विमानतळावर देईल.

हो. अगदी तसंच वाटलं. पांघरुणाखाली मी रडले, आणि मिरेलाला वाटलं पाय दुखतोय. ते जात नाही रे. पण त्याच्याबरोबर जगता येतं, आणि जेवणसुद्धा छान जातं.

गेल्या रविवारी त्रिल्यला गेले होते, काठी टेकत. नीनाच्या दुकानात पडदा शिवायला टाकला. पडदा नको होता मला. तिला सांगितलं, त्या तळघरात तुझे हात चांगले होते, चूक माझ्या हातांची होती. तिनं माझं पाऊल बघायला मागितलं, आणि जमिनीवर बसून पट्टी पुन्हा बांधली. मिरेलापेक्षा चांगली. मी हात मागे धरले होते.

खुदादादला दुसरा जोड विणायला घेतलाय, माप जपून ठेवलं आहे.

कोबी संपत आला, पण अरंबाशीपुरता राखला आहे. मला आता डॉक्टरांनी दिलेले बूट आहेत, काळे आणि भयंकर. फ्रानेकाकांची सपात धुऊन उन्हात वाळवली. आता दारात दोन्ही पुन्हा जोडीनं ठेवल्या आहेत.

आलास की त्याच घाल. फरशी गार असते.

मावशी